संगणकाचा पडदा : योग्य मांडणी आणि सुरक्षित वापर

गोव्यातील ग्रामपंचायती, मामलेदार कार्यालये, आरोग्य केंद्रे, सहकारी संस्था आणि शाळा यांच्या दैनंदिन कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. पूर्वी लेखनिक जे काम जाडजूड नोंदवह्या उलगडून करीत असे, ते आज पडद्यावर होते. एक-चौदाचा उतारा असो, जन्माचा दाखला असो किंवा विद्यार्थ्याचे गुणपत्रक असो, त्यातील प्रत्येक अक्षर व प्रत्येक अंक कागदावर उमटण्यापूर्वी कोणा तरी कर्मचाऱ्याच्या नजरेखालून पडद्यावर गेलेला असतो.

यास्तव पडद्याची मांडणी ही केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीची बाब राहत नाही. खिडकीचा उजेड पडद्यावर चकाकत असेल, अक्षरे बारीक असतील आणि मान अवघडलेली असेल, तर दुपारनंतर थकलेल्या नजरेला १ आणि ९, ५ आणि ६ यांतील फरक चटकन उमगत नाही. नावावरचा अनुस्वार सुटतो, सर्व्हे क्रमांकातील एखादा अंक बदलतो. ही चूक लेखनिकाच्या हातून होते. परंतु तिची दुरुस्ती करून घेण्यासाठी शेतकऱ्याला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात. पडदा नीट मांडण्यास फारसा खर्च येत नाही. त्यासाठी हवी असते ती थोडी माहिती आणि दहा-पंधरा मिनिटांचा अवधी.

जुना पडदा आणि नवा पडदा

संगणकाच्या ज्या भागावर अक्षरे व चित्रे दिसतात त्याला मॉनिटर म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत पेटीसारखे खोल व जड मॉनिटर सर्वत्र होते. त्यांत काचेची मोठी नळी असे आणि ती चालविण्यासाठी हजारो व्होल्ट दाबाची वीज आतल्या आत तयार होई. आज वापरात असलेले चपटे एलईडी मॉनिटर वजनाने हलके असून त्यांना वीजही पुष्कळच कमी लागते. जुन्या नळीच्या काळात क्ष-किरणांच्या भीतीने पडद्यापुढे काचेची जाळी लावण्याची पद्धत पडली होती. चपट्या पडद्यात ती नळीच नसल्याने ही भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. डोळ्यांना होणारा त्रास किरणांमुळे होत नाही. चकाकी, बारीक अक्षरे, चुकीचे अंतर आणि विश्रांतीचा अभाव ही त्याची खरी कारणे आहेत.

जागेची निवड

पडदा ठेवण्याची जागा ठरविताना प्रथम खिडक्या व दरवाजे पाहावेत. खिडकी पडद्याच्या पाठीमागे असेल तर बाहेरच्या प्रखर उजेडाने डोळे दिपतात. ती बसणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. म्हणून खिडकी बसणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल अशा रीतीने टेबल फिरवून घ्यावे. प्रतिबिंब ओळखण्याचा सोपा उपाय असा की, पडदा बंद असताना नेहमीच्या जागी बसून त्याच्या काळ्या पृष्ठभागाकडे पाहावे. दिवा, खिडकी किंवा पांढरा सदरा जर त्यात स्पष्ट दिसत असेल, तर पडद्याची दिशा किंचित बदलावी अथवा खिडकीला पडदा लावावा.

छताच्या पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये. वाऱ्याने डोळे लवकर कोरडे पडतात. त्याचप्रमाणे पाण्याचा माठ, गळके छप्पर आणि पावसाची झड येणारी खिडकी यांपासून पडदा दूर असावा. मॉनिटरच्या मागे व वर हवा खेळण्यास मोकळी जागा ठेवावी. मागील छिद्रांवर फायली रचल्यास आतील उष्णता बाहेर पडत नाही.

उंची व अंतर

पडद्याची वरची कड बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खाली असावी, हा मूळ नियम होय. असे असले म्हणजे नजर सहजपणे थोडी खाली झुकते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात आणि मान सरळ राहते. पडदा फार उंच ठेवल्यास मान मागे वळते. फार खाली ठेवल्यास खांदे पुढे झुकून पाठीला पोक येते. कित्येक कार्यालयांत संगणकाच्या आडव्या पेटीवर मॉनिटर चढविलेला आढळतो. जागा वाचविण्याचा हा उपाय मानेला महागात पडतो.

उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. प्रथम खुर्चीत पाठ टेकून ताठ बसावे व दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. दुसऱ्या व्यक्तीने टेबलाच्या पृष्ठभागापासून बसणाऱ्याच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजपट्टीने मोजावी. नंतर टेबलापासून मॉनिटरच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. समजा, डोळे ४५ सेंटिमीटर उंचीवर आहेत व पडद्याची कड ३९ सेंटिमीटरवर आहे, तर मॉनिटरखाली ६ सेंटिमीटर जाडीचा उंचवटा लागेल. त्यासाठी सुताराकडून मजबूत, रुंद फळी करून घ्यावी. जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा कामचलाऊ वाटला तरी तो केव्हा सरकेल याचा नेम नसतो. खुर्ची उंच केल्याने पाय अधांतरी राहत असतील तर पायांखाली लाकडी पाट द्यावा.

अंतराच्या बाबतीत हाताची लांबी हेच उत्तम माप आहे. पाठ टेकून बसून हात समोर पसरला असता बोटांची टोके पडद्याला लागावीत. हे अंतर साधारणपणे ५० ते ७० सेंटिमीटर भरते. मोठा पडदा असल्यास ते आणखी वाढविण्यास हरकत नाही. या अंतरावरून अक्षरे वाचता येत नसतील तर पडदा जवळ ओढू नये, अक्षरे मोठी करावीत. कळफलक आणि पडदा हे दोन्ही अगदी समोरासमोर असावेत. पडदा एका बाजूला व कळफलक दुसऱ्या बाजूला असेल तर मान दिवसभर तिरपी राहते. ज्या कागदावरून नोंदी उतरवून घ्यावयाच्या तो टेबलावर आडवा न ठेवता पडद्याशेजारी उभ्या पाटीवर लावल्यास मानेच्या शेकडो हालचाली वाचतात.

चाळिशी लागलेल्या व्यक्तींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. त्यामुळे नेहमीच्या उंचीवरील पडदा वाचण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि संध्याकाळी मान दुखते. अशा व्यक्तींसाठी पडदा काही सेंटिमीटर खाली घेऊन किंचित मागे कलवावा. तेवढ्याने भागत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर मोजून सांगावे. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून मिळतो.

देवनागरी अक्षरांची विशेष गरज

इंग्रजी अक्षर ज्या आकारात सुखाने वाचता येते, त्याच आकारात मराठी किंवा कोकणी मजकूर वाचणे जड जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात. एका ओळीच्या उंचीत हे तीन थर मावावयाचे असल्याने मूळ अक्षर लहान होते. म्हणून देवनागरी मजकुराचा आकार इंग्रजीपेक्षा दोन-तीन अंकांनी मोठा ठेवावा आणि ओळींमध्ये पुरेसे अंतर सोडावे.

अक्षरे मोठी करताना पुष्कळ जण पडद्याचे रेझोल्यूशन कमी करतात. ही पद्धत योग्य नाही. चपटा पडदा ठरावीक संख्येच्या बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो. सध्या सर्वसामान्य असलेल्या पडद्यात आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. संगणकाला याहून कमी संख्या दिली की एकेक ठिपका शेजारच्या ठिपक्यांवर पसरतो आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. रेझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ संख्येइतकेच ठेवून संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमधील स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठेही होते आणि रेखीवही राहते.

पडद्याचा उजेड ठरविण्यासाठी एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा. पडद्यावरील पांढरा भाग कागदापेक्षा दिव्यासारखा प्रखर दिसत असेल तर उजेड कमी करावा. राखाडी दिसत असेल तर वाढवावा. पावसाळी अंधारलेल्या दिवशी आणि लख्ख उन्हाच्या दिवशी हा उजेड सारखा असणार नाही, हे उघड आहे. अंधाऱ्या खोलीत केवळ पडद्याच्या उजेडावर काम करणे टाळावे.

डोळ्यांना विश्रांती

निरोगी माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारणपणे पंधरा वेळा मिटतात. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरील ओलावा त्यामुळे सुकतो आणि चुरचुर, लाली, जडपणा ही लक्षणे दिसू लागतात. यावर नेत्रतज्ज्ञ एक सुटसुटीत नियम सांगतात. दर २० मिनिटांनी २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. खिडकीतून अंगणापलीकडचा माड दिसत असेल तर त्यासाठी जागचे उठण्याचीही गरज नाही. याखेरीज तासाभराने एकदा उठून चार पावले चालावे. फाईल आणणे, टपाल लावणे, दूरध्वनी करणे अशी कामे मध्ये मध्ये योजल्यास कामाचा खोळंबा न होता विश्रांती मिळते.

पडद्यामुळे दृष्टी कायमची अधू होते असा पुरावा नाही. निळ्या उजेडापासून बचाव करणारे म्हणून विकले जाणारे महाग चष्मे घेण्याचीही घाई करू नये. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे अल्पकाळाच्या अभ्यासांत आढळले नाही. मात्र विश्रांतीनंतरही डोकेदुखी टिकून राहिली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा डोळे लाल राहिले, तर आरोग्य केंद्रात डोळे तपासून घेण्यात दिरंगाई करू नये. मधुमेह असलेल्यांनी तर ही तपासणी दरवर्षी करावी.

कामगारांच्या हिताचा हा प्रश्न इतरत्र कायद्याच्या कक्षेतही आलेला आहे. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी काढलेल्या निर्देशानुसार पडद्यासमोर काम करणाऱ्यांना ठरावीक काळाने विश्रांती किंवा कामात बदल देणे आणि नेत्रतपासणीची सोय करणे ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी ठरली. आपल्याकडील कार्यालयप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी ही दृष्टी स्वतःहून बाळगल्यास तिच्यासाठी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

अनेकांचा एक पडदा

पंचायत कार्यालयात सचिव, लेखनिक आणि तलाठी यांपैकी अनेकांना एकच संगणक वापरावा लागतो. शाळेत तर तासातासाला वापरणारा बदलतो. एकाला जुळणारी मांडणी दुसऱ्याला जुळेलच असे नाही. म्हणून जागेवर बसताच खुर्चीची उंची, पडद्याचा कल आणि अक्षरांचा आकार या तीन गोष्टी आपल्यापुरत्या जुळवून घेण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. लहान मुलांना मोठ्यांच्या टेबलावर बसवावयाचे असल्यास बैठकीवर उशी आणि पायांखाली पाट द्यावा. एका पडद्याभोवती एका वेळी चार-पाचच मुले बसवावीत. पडद्याकडे फार तिरप्या दिशेने पाहिल्यास रंग व अक्षरे फिकी दिसतात, आणि कडेच्या मुलाला धड्यातले काहीच उमजत नाही. मुलांच्या पायांत वायरी येणार नाहीत याकडे शिक्षकांनी जातीने लक्ष द्यावे.

दाखला छापण्यापूर्वी अर्जदाराला त्याच्यापुरता मजकूर पडद्यावर दाखवून नाव, गाव व क्रमांक तपासून घेतल्यास पुष्कळ हेलपाटे वाचतात. यासाठी मॉनिटर सहज फिरेल अशी जागा असावी. इतर वेळी मात्र पडद्याचे तोंड लोकांच्या रांगेकडे नसावे. एका ग्रामस्थाची माहिती दुसऱ्याने वाचणे उचित नव्हे.

जोडणी व विजेची सुरक्षितता

नवा मॉनिटर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आहे की नाही हे पाहावे. खोक्यातून काढताना तो कडांना धरून उचलावा. पडद्याच्या मधोमध बोटांनी दाबू नये. बैठक जोडताना टेबलावर मऊ कापड पसरून पडदा त्यावर पालथा ठेवावा. सर्व जोडण्या वीज बंद असताना कराव्यात. प्रथम मॉनिटर व संगणक यांमधील केबल बसवावी आणि भिंतीवरील प्लग सर्वांत शेवटी लावावा. पंधरा पिनांच्या जुन्या केबलचे दोन्ही स्क्रू हाताने आवळावेत. केबल बसत नसेल तर तिची बाजू तपासावी, जोर लावू नये. पडद्यावर संकेत नाही अशा अर्थाची सूचना आली तर बहुधा केबल सैल असते किंवा मॉनिटरवर चुकीची जोडणी निवडलेली असते. तेवढे पाहूनच दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे.

आपल्याकडील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. तीन पिनांच्या प्लगमधील सर्वांत लांब व जाड पिन अर्थिंगची असते. प्लग लावताना ती प्रथम जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, यासाठीच ती लांब केलेली असते. प्लग बसत नाही म्हणून ती पिन कापणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. संगणकाच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वापर तत्काळ थांबवून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत ओलावा राहत नाही आणि अर्थिंगचा उपयोग कमी होतो. त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमितपणे पाणी घालावे. विजेच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसविल्यास विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते.

एका एक्स्टेंशन बोर्डावर दुसरा बोर्ड जोडू नये. मॉनिटर व संगणक यूपीएसवर असावेत, म्हणजे वीज गेल्यावर चालू काम जतन करण्यास काही मिनिटे मिळतात. लेझर प्रिंटर व पंखा मात्र यूपीएसवर लावू नयेत. त्यांचा भार त्याला पेलत नाही.

पावसाळा, स्वच्छता आणि सणवार

मृगाच्या आधीचा वळीव आणि परतीचा पाऊस यांत विजांचा कडकडाट अधिक असतो. अशा वेळी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट जवळ येण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि इंटरनेटची तांब्याची वायरही सोडवावी. वीज चमकू लागल्यावर या वायरींना हात लावू नये. सुटीत अनेक दिवस बंद राहिलेल्या यंत्रात दमट हवेमुळे ओल धरते. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा तरी संगणक थोडा वेळ चालू करावा. बंद केल्यावर लगेच प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये, यंत्र थंड होऊ द्यावे.

पडदा पुसताना वीज बंद करून मऊ, कोरडे, स्वच्छ कापड वापरावे. डाग राहिल्यास कापड पाण्याने किंचित ओलसर करावे. पाणी थेट पडद्यावर शिंपडू नये. काच पुसण्याचे तीव्र द्रव, स्पिरिट किंवा कागदी बोळे वापरल्यास पडद्यावरील चकाकी रोखणारा थर खराब होतो.

दसऱ्याला यंत्रांची पूजा करण्याची आपली प्रथा सुंदर आहे. तथापि हळदकुंकू, अक्षता आणि फुलांवरचे पाणी मॉनिटरच्या छिद्रांतून आत गेल्यास यंत्र बिघडते. पूजेच्या दिवशी प्लग काढून ठेवावा, फुले व हळदकुंकू टेबलावर वाहावे आणि निरांजन दूर ठेवावे. श्रद्धाही जपली जाईल आणि यंत्रही.

जुन्या मॉनिटरची विल्हेवाट

कार्यालयांच्या व शाळांच्या माळ्यावर नळीचे जुने मॉनिटर अजून पडलेले असतात. त्यांची मागची बाजू कोणीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही आतील भागांत धोकादायक दाबाची वीज साठून राहू शकते. नळी फुटल्यास काचा वेगाने उडतात, आणि त्या काचेत शिसे असते. पहिल्या पिढीच्या चपट्या पडद्यांतील दिव्यांत अल्प प्रमाणात पारा असतो. हे पदार्थ ओढ्यात किंवा विहिरीजवळ गेल्यास पाणी दूषित करतात. म्हणून असे मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नयेत, जाळू नयेत व कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच गेले पाहिजेत. डेडस्टॉक नोंदवहीत त्यांची नोंद तपासून रीतसर निर्लेखन करावे व सुपूर्द केल्याची पावती जपून ठेवावी.

दररोज पाहावयाच्या गोष्टी

पुढील सूचना मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाजवळच्या भिंतीवर लावाव्यात :

१. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली; अंतर एक हात.
२. खिडकी बाजूला, पडद्यावर प्रतिबिंब नसावे.
३. अक्षरे लहान वाटल्यास मोठी करावीत. पुढे वाकू नये.
४. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर पाहावे.
५. ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नये. अर्थिंगची पिन कापू नये.
६. गडगडाट होण्याची चिन्हे दिसताच प्लग काढावा.
७. छापण्यापूर्वी नाव व क्रमांक अर्जदाराकडून तपासून घ्यावेत.

यंत्र माणसासाठी आहे आणि ते माणसाच्या उंचीला, नजरेला व सोयीला जुळवून घेता येते. माणसाने मात्र स्वतःची मान वाकवून यंत्राला जुळवून घेण्याचे काहीच प्रयोजन नाही. प्रत्येक पंचायत, शाळा व कार्यालय यांनी एखादा दिवस ठरवून आपल्याकडील सर्व पडद्यांची मांडणी मोजपट्टी घेऊन तपासली, तर कर्मचाऱ्यांची मान व डोळे सुरक्षित राहतील, मुलांना चांगली सवय लागेल आणि दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ अचूक कागद हाती घेऊन एकाच खेपेत घरी परतेल.